टोपीचा घेर

आमच्या घरातले पुरुष बोडक्यानं उंबरा ओलांडत नसत. आंघोळ झाली, देवाला फुलं वाहून झाली, की डोक्यावर टोपी यायची आणि रात्री अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत ती तिथंच असायची. दारातून कुणी हाक मारली तर आधी हात खुंटीकडे जायचा, मग कडीकडे. बोडक्या डोक्यानं बाहेर पडायचं ते घरात कुणी गेलं तरच. हे आम्हाला कुणी समजावून सांगितलं नाही. पाहून पाहून अंगवळणी पडलं.

वाईच्या त्या घरात आम्ही चुलत, आते, मामे धरून पुष्कळ भावंडं वाढलो. १९५० नंतरची दहा-पंधरा वर्षं आमच्या बालपणाची. आता कुणाच्या लग्नाकार्यात एकत्र आलो की कृष्णेचा घाट, गणपतीच्या दिवसांतली धावपळ, माळ्यावरच्या आंब्यांची अढी असं सगळं बोलून होतं आणि मग हटकून विषय निघतो टोप्यांचा. बाहेरच्यांना वाटतं, टोपीत आठवण्यासारखं काय असणार? पण आमच्या घरात टोपी ही घालणाऱ्या एकट्याची कधीच नव्हती. ती कुणी मोजायचं, कुणी भिजवायचं, कुणी खळ द्यायचं, कुणी इस्त्री फिरवायचं. दुकानातून यायची ती नुसती शिवलेली वस्तू. डोक्यावर नीट बसायची ती घरात, चार जणांचे हात लागल्यावर.

सगळ्यांत जुनी वस्तू म्हणजे पणजोबांची लाल पगडी. ते साताऱ्याच्या कोर्टात कारकून होते. त्यांच्या आधीच्या पिढीतली माणसं पागोटं रोज सकाळी स्वतः बांधत. पगडी म्हणजे बांधून तयार केलेलं पागोटंच, त्यामुळे रोजची ती खटपट वाचली. पण ती बांधून घ्यावी लागे ती पगडबंदाकडून, आपल्या डोक्याच्या मापानं. पणजोबांनी ती पुण्याहून आणली होती आणि त्यांच्यानंतर ती घरात एकाच्याही डोक्यावर बसली नाही. आम्ही पोरांनी ती लपूनछपून घालून पाहिली, काकांनी उघडपणे घालून पाहिली. सगळ्यांच्या डोक्यावरून ती एका बाजूला घसरायची. कारण आजोबांनी सांगितलं. पणजोबांचं पुढचं डोकं तासलेलं आणि मागं घेरा नि शेंडी. पगडी पुढं उघड्या कातडीवर चिकटून बसायची आणि मागं घेऱ्याचा तिला आधार मिळायचा. आमच्या सगळ्यांच्या डोक्यावर सारखे केस. त्यावर ती पगडी उंच राहायची, तिला पकडायला काही मिळायचंच नाही. डोक्याचा घेर तोच असला तरी केस कसे ठेवता यावर शिरोभूषण बसतं की नाही हे ठरतं, हा पहिला धडा आम्हाला त्या पगडीनं दिला. २००९ साली पुणेरी पगडीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आम्हा सगळ्यांना मनापासून आनंद झाला. मात्र समारंभांत पाहुण्यांच्या डोक्यावर ठेवतात ती पगडी त्यांच्या मापाची नसते, आणि फोटो होईपर्यंत ते मान ताठ धरून उभे असतात ते पाहवत नाही. जी वस्तू एका माणसासाठी बांधली जायची तिला असं उसन्या डोक्यावर बसवू नये असं वाटतं.

आजोबांनी पगडी घेतलीच नाही. असहकाराच्या दिवसांत, शाळा सोडायच्या वयात, त्यांनी पांढरी खादीची टोपी घातली आणि ती आयुष्यभर घातली. त्या टोपीचा इतिहास ते आम्हाला अभिमानानं सांगत. गांधीजींचे सहकारी काकासाहेब कालेलकर साताऱ्यात जन्मलेले, म्हणून आपलेच. गांधीजींनी त्यांना सांगितलं होतं की वेगवेगळ्या प्रांतांतली शिरोभूषणं आपण पाहिली, त्यांत काश्मिरी टोपीचा घाट पसंत पडला. हलकी, घडी करून खिशात ठेवता येणारी, शिवायला सोपी. फक्त ती लोकरीची, म्हणून आपण सुती केली. आणि रंग पांढरा अशासाठी की घाम आणि मळ लपत नाही, धुवावीच लागते. गांधीजींनी स्वतः ती थोडाच काळ घातली. १९२१ च्या सप्टेंबरात मदुरेला त्यांनी पंचा स्वीकारला तेव्हा सदरा आणि टोपी दोन्ही सोडलं. पण टोपी लोकांनी सोडली नाही. त्या टोपीपायी कुणाला कचेरीतून हाकललं, कुणाला कोर्टात दटावलं, अशा गोष्टी आजोबांच्या तोंडून ऐकत आम्ही मोठे झालो.

धुवावीच लागते, हे मात्र आमच्या आजीच्या वाट्याला आलं. आणि खरं सांगायचं तर ती टोपी आजोबांच्या डोक्यावर जी बसायची ती आजीमुळे.

आजीला इंची टेप वाचता येत नव्हती. तिच्या शिवणाच्या डब्यात एक मळकट जाड दोरा होता, त्याला गाठी मारलेल्या. एका टोकाकडून धरलं की प्रत्येक गाठ म्हणजे घरातलं एक डोकं. सर्वांत लांबची गाठ थोरल्या काकांची, त्याच्या किंचित अलीकडे आजोबांची, मग धाकटे काका, आणि मग आम्ही मुलगे उतरत्या क्रमानं. दर दिवाळीच्या आधी ती आम्हाला एकेकाला ओटीवर बसवायची. दोरा भुवयांच्या वर दोन बोटांवर धरायचा, दोन्ही कानांच्या अगदी वरून न्यायचा आणि मागं कवटीला जो उंचवटा असतो त्यावरून फिरवून पुढं आणायचा. मग दोरा आणि कपाळ यांच्यामध्ये स्वतःची करंगळी घालून ती दोरा आवळायची आणि तिथं गाठ मारायची. करंगळीएवढी ती जागा म्हणजे घामाची, खळीची आणि डोक्याला श्वास घ्यायची जागा. तो मागचा उंचवटा ती बोटानं चाचपून बघायची. म्हणायची, "इथं टोपी धरते. पुढून कितीही आवळा, इथं धरली नाही तर वाऱ्यानं जाणारच."

दुकानात टोप्या नंबरानं मिळत. एकवीस, बावीस, तेवीस. नंबर म्हणजे आतला घेर, इंचांत. मोठ्या माणसांची डोकी साधारण त्याच आकड्यांत येतात. बाजारात जाताना धाकटे काका तो दोरा खिशात घालून नेत आणि दुकानदाराच्या टेपवर गाठी धरून दाखवत. पण नेमका नंबर ते आणत नसत. आजीचा हुकूम होता, अर्धा इंच वरची आणायची. कोरी खादी पहिल्या पाण्यात आटते. आल्या आल्या टोपी रात्रभर पाण्यात पडायची आणि सकाळी ओली असतानाच आजी ती दोन्ही हातांच्या मुठींत धरून घेराच्या दिशेनं हलकेच ताणायची, मग गाठीशी ताडून बघायची.

रोजच्या टोप्या एकाआड एक धुतल्या जात. साबण, मग नीळ, आणि मग खळ. खळ तांदळाच्या पेजेची, फडक्यातून गाळलेली. खळीतच सगळी खुबी होती. टोपीला बाजूनं जी उंच दुहेरी पट्टी असते तिला घट्ट खळ आणि आत दुमडून जाणाऱ्या माथ्याला पातळ. त्यासाठी आजी आधी नुसती पट्टी घट्ट खळीत बुडवून काढायची, मग त्याच खळीत पाणी घालून ती पातळ करायची आणि माथा त्यातून फिरवायचा. सगळ्या टोपीला सारखी घट्ट खळ दिली तर कड कपाळाला रुतते आणि संध्याकाळी टोपी काढल्यावर लाल वळ दिसतो. खळ दिलीच नाही तर दुपारच्या घामानं पट्टी ढिली पडते आणि टोपी कानांवर येऊन टेकते. पट्टी ताठ असली की घेर बदलत नाही, माथा मऊ असला की डोक्याच्या उंचीप्रमाणे तो खाली-वर होतो. हे आजीला कुणी शिकवलं असेल? बहुधा तिच्या सासूनं पागोट्यांच्या खळीचं शिकवलं असणार आणि टोपीचं तिचं तिनंच बसवलं असणार.

टोपी वाळत घालायची ती दोरीवर नाही. दोरीवर घातली की मध्ये घडी पडून घेर चपटा होतो. आमच्याकडे पालथ्या भांड्यांवर टोप्या वाळत. आजोबांची टोपी पितळी तपेलीवर, धाकट्या काकांची एका जुन्या तांब्याच्या लोट्यावर, आणि मुलांच्या टोप्या छोट्या मोठ्या गडव्यांवर. कुठलं भांडं कुणाच्या डोक्याचं हे घरातल्या प्रत्येक बाईला माहीत होतं. अंगणात उन्हात ती पांढरी रांग मांडलेली असायची आणि त्या वेळात स्वयंपाकाला कुणी ती तपेली मागितली तर मिळत नसे. किंचित दमट असतानाच टोपी उतरवायची आणि कोळशाच्या इस्त्रीखाली घालायची. इस्त्री थोरल्या काकांकडे. तोंडात पाणी घेऊन फवारा मारायची त्यांची पद्धत होती, आणि त्यांच्या हातची पुढची टोकं अशी निघत की दुसऱ्या कुणाला ते काम कधी दिलंच गेलं नाही.

आजोबा टोपी घालायचे ती दोन्ही हातांनी. पुढचं आणि मागचं टोक चिमटीत धरून, पुढची कड आधी कपाळावर टेकवायची आणि मग मागचं टोक खाली ओढायचं, उंचवट्याच्या खाली येईपर्यंत. आरशात ते फारसे बघत नसत. देवघरात जाऊन वाकून नमस्कार करत. टोपी जागची हलली नाही की ती बसली. हलली तर तिथल्या तिथं काढून पुन्हा घालत. पुढं आम्हाला आमच्या मुंजीत, शाळेत, लग्नांत ज्यांनी ज्यांनी टोपी घालून दिली त्यांनी वाकायलाच सांगितलं. सरळ उभ्या माणसाच्या डोक्यावर कुठलीही टोपी राहते.

थोरले काका शाळेत मास्तर, आणि त्यांची टोपी काळी. हिची तऱ्हा निराळी. आत पुठ्ठा, वरून काळं कापड, आतून सॅटिनचं अस्तर आणि कडेनं घामासाठी कातड्याची पट्टी. ही टोपी धुता येत नाही, ताणता येत नाही, घडीही होत नाही. पुण्याला गेले की लक्ष्मी रोडवरून आणत. काकांचं डोकं लांबट होतं आणि या टोप्या जरा गोल घाटाच्या. त्यामुळे घेर बरोबर असूनही कपाळाला आणि मागं टोपी दाबायची आणि दोन्ही कानांवर फट राहायची. मोठ्या नंबरची घेतली तर दाब जायचा, पण फटी वाढायच्या आणि टोपी फिरायची. उपाय काकूनं केला. मोठ्या नंबरची टोपी आणायची, वर्तमानपत्राची लांब पट्टी चार घड्या करून कातडी पट्टीच्या मागं सारायची, पण फक्त कानांच्या वर, दोन्ही बाजूंना. पुढं-मागं काही नाही. असं केलं की टोपीचा गोल घाट आतून लांबट होतो. आजही ज्यांना हॅट किंवा फेल्टची टोपी घट्ट-सैल होते त्यांना आम्ही हेच सांगतो: कागद सगळीकडे कोंबू नका, बोट फिरवून फट कुठं आहे ते आधी बघा.

या कागदाचा हिशेब न्हाव्याशी बांधलेला होता. महिन्याकाठी न्हावी ओटीवर यायचा आणि काकांचे केस बारीक करून जायचा. त्या संध्याकाळी काकू कागदाला एक घडी वाढवायची. केस वाढत गेले की पंधरवड्यानं ती घडी काढायची. पावसाळ्यात पुठ्ठा दमटून टोपी सैल व्हायची, तेव्हा पुन्हा एक घडी. काका कपाळ चोळत शाळेतून आले की काकू चहाच्या आधी टोपी हातात घेऊन आत बोट फिरवायची. त्यांच्यात फार बोलणं होताना आम्ही पाहिलं नाही, पण टोपीतला कागद रोज कुणीतरी नीट करत होतं, हे आम्ही सगळ्यांनी पाहिलं.

आम्ही मुलांनी शाळेत टोपी घालायची सक्ती अनुभवली ती शेवटची शेवटची. आमच्या काकांच्या वर्गाच्या जुन्या फोटोंत सगळ्या रांगा टोप्यांच्या आहेत. आमच्या वेळेला निम्मी डोकी उघडी. मुलांची टोपी कधीच मापाची नसायची, कारण पुढच्या वर्षीही तीच घालायची. मग आतून सुती पट्टीचा एक दुमडा धावदोऱ्यानं टाचलेला असायचा. डोकं वाढलं की टाके उसवायचे. धाकट्यांना थोरल्यांच्या टोप्या त्याच दुमड्याच्या हिशेबानं उतरायच्या.

अगदी तान्ह्या बाळाचं टोपडं हा त्याहून नाजूक विषय. बाळाचं डोकं जन्मताना साधारण ३५ सेंटीमीटर घेराचं असतं आणि पहिल्याच वर्षात ते दहा-अकरा सेंटीमीटरनी वाढतं. पुढं आयुष्यात कधी इतक्या वेगानं वाढत नाही. हे आकडे आम्ही नंतर वाचले, पण बारशाला झबलं-टोपडं शिवताना मागं चुण्या आणि त्यातून ओढायचा नाडा ठेवायचा, हे घरातल्या बायकांना ठाऊक होतं. कापड नवं कधीच नाही. आजोबांच्या जुन्या धोतराचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं. टोपड्याचे बंद गळ्याच्या मध्यावर बांधायचे नाहीत, एका बाजूला, कानाच्या खाली, आणि आत बोट जाईल इतके सैल. आत्या खणाची कुंची शिवायची. तिला मागं पाठीवर घोळ आणि टोकाला गोंडा. वाईची थंडी बोचरी असते, कृष्णेवरून सकाळी वारा येतो. बाळं कुंचीत आणि म्हातारी कानटोपीत.

कानटोप्या आत्या विणायची. लोकर मुंबईहून यायची, राखाडी किंवा तपकिरी. चार सुयांवर गोल विणायचं, आणि कड विणायची ती दोन सुलट, दोन उलट अशी. ही वीण ताणली की पसरते, सोडली की आपसूक जवळ येते. म्हणून कानटोपीला नंबर लागत नाही. आत्या माथ्याकडे साधी वीण घालायची, कारण तिथं ताण नको, ऊब हवी. चेहऱ्याभोवतीची कड पुन्हा दोन सुलट, दोन उलट. हनुवटीखाली एक बटण. आजोबा हिवाळ्यात रात्री ही टोपी घालून झोपत. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेचा भूकंप झाला. आमच्या घराच्या भिंती हलल्या, माळ्यावरची भांडी खाली आली, आणि आम्ही सगळे अंधारात अंगणात धावलो. कुणाच्या पायात काही नव्हतं, कुणाच्या अंगावर पांघरूण तसंच गुंडाळलेलं. आजोबांना दोन काकांनी जवळजवळ उचलून बाहेर आणलं. उजाडेपर्यंत आम्ही अंगणात थंडीत बसलो होतो आणि इतक्या माणसांत एकट्या आजोबांचं डोकं, कान, गळा नीट झाकलेला होता. आत्या त्यांच्या जवळ बसली होती. मध्येच तिनं त्यांचं बटण लागलेलं आहे ना, ते चाचपून पाहिलं. त्या पहाटे कोयनानगरात आणि आसपास किती घरं गेली, माणसं गेली, हे आम्हाला दिवस वर आल्यावर कळलं.

घरातल्या बायकांनी स्वतः टोपी कधी घातली नाही. पण डोक्यावर काही टिकवून ठेवायचं कसब त्यांच्याइतकं कुणाकडेच नव्हतं. आजीच्या डोक्यावरचा पदर दिवसभरात ढळताना आम्ही पाहिला नाही. वाकून चूल फुंकताना नाही, जात्यावर बसल्यावर नाही. पिन लावलेली नसायची. तो पदर अंबाड्यावर टेकलेला असायचा. अंबाडा थोडा वर बांधायचा, पदराची कड त्याच्या पुढं काढायची आणि टोक कमरेला खोचून कापडाला पुरता ताण ठेवायचा. जे काम टोपीसाठी मागचा उंचवटा करतो ते इथं अंबाडा करायचा.

आणि चुंबळ. जुन्या लुगड्याचा पट्टा पीळ देऊन वाटोळा गुंडाळायचा आणि त्यावर घागर. आमच्याकडे पाणी भरायला येणारी बाई एकावर एक दोन घागरी घेऊन घाटाच्या पायऱ्या चढायची, एक हात मोकळा सोडून. तिनं आम्हा मुलींना चुंबळ वळायला शिकवली. मधलं भोक फार मोठं ठेवलं तर घागरीचं बूड डोक्याला लागतं, फार लहान ठेवलं तर चुंबळच घागरीखाली डुगडुगते. कपडा किंचित ओला करून घ्यायचा, म्हणजे तो केसांवरून सरकत नाही. चुंबळ डोक्याच्या बरोबर मध्यावर नाही, जरा पुढं ठेवायची, कारण चढ चढताना अंग पुढं झुकतं. आमच्यातल्या एकीला हे इतकं साधलं की तिची घागर कधी हिंदकळली नाही. ती आता सत्तरीत आहे आणि तिचा मणका अजून ताठ आहे.

पावसाळ्यात तर टोपीची गोष्टच नको. शेतावर इरली असत, बांबूच्या कामट्या आणि पानांची, वाकून लावणी करताना डोक्यापासून कमरेपर्यंत झाकणारी. आम्ही शाळेत जायचो ते गोणपाटाच्या खोळीत. पोत्याचा एक कोपरा दुसऱ्या कोपऱ्यात आत ढकलायचा, की डोक्यावर टोकदार टोपडं तयार. खोळ कधी उडाली नाही, कारण तिचं वजन पाठीवर असायचं.

उडायच्या त्या एसटीत. पसरणीच्या घाटानं पाचगणीला जाताना खिडकीशी बसलेल्या माणसाचा हात टोपीवर असायचाच. वळणावर वारा एकदम बाजूनं येतो. कितीतरी टोप्या त्या दरीत गेल्या असतील. जाणकार लोक घाट सुरू झाला की टोपी काढून घडी करून खिशात ठेवायचे. गांधी टोपीची ही सोय काळ्या टोपीला नव्हती, म्हणून थोरले काका मांडीवर टोपी आणि टोपीवर पिशवी धरून बसायचे. धाकटे काका नोकरीला मुंबईत गेले तेव्हा त्यांनी पत्रातून डबेवाल्यांचं फार कौतुकानं लिहिलं होतं. १८९० पासून चाललेलं ते काम. पांढरी टोपी त्यांच्या पोशाखाचा भाग, आणि चर्चगेटच्या गर्दीतून डब्यांची लांब पाटी डोक्यावर घेऊन ते धावतात. त्यांची टोपी पडत नाही, कारण ओझं तिला दाबून धरतं आणि टोपी ओझ्याखाली घसरत नाही. काकांनी लिहिलं होतं, "आईला वाचून दाखवा." आजीनं ते पत्र दोनदा वाचून घेतलं.

धाकट्या काकांनीच घरात पहिल्यांदा टोपी सोडली. मुंबईच्या कचेरीत कुणी घालत नाही, लोकलच्या गर्दीत सांभाळता येत नाही, इतकंच कारण. आजोबा काही बोलले नाहीत. पण काका गावी आले की आजी त्यांच्यासाठी धुतलेली टोपी लोट्यावरून काढून खुंटीवर ठेवायची आणि ते ती घालायचे. आम्ही मुलगे कॉलेजात गेल्यावर कुणीच टोपी घेतली नाही. टोपीवाचून आमचं काही अडलं नाही, पण आपल्या डोक्याचं माप दुसऱ्या कुणाला पाठ असावं ही गोष्ट मात्र टोपीबरोबर गेली आणि तिची उणीव आम्हाला खरोखर जाणवते. बायकोला नवऱ्याच्या सदऱ्याचं माप माहीत असतं, डोक्याचं नसतं.

लग्नांत आता फेटे बांधतात. बांधणारा चांगला असेल तर फार देखणं काम आहे ते. सुती कापड, प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याला तिरका छेदून जायला हवा, म्हणजे फेरे एकमेकांना धरतात. सिल्कचं कापड निसटतं. तयार शिवलेले फेटे मिळतात ते तर टोपीसारखे वरून ठेवायचे. ते मंगलाष्टकं संपेपर्यंत टिकले तरी पुष्कळ. आम्ही घरच्या लग्नात हट्टानं माणूस बोलावतो, आणि प्रत्येकाला एकदा वाकायला लावतो.

मागच्या वर्षी आमच्यातली एक बहीण पुण्यात नातीला हेल्मेट घ्यायला गेली. नात कॉलेजला स्कूटरवरून जाते. दुकानदारानं मधल्या साइजचं हेल्मेट काढून दिलं, नातीनं घातलं, बरं वाटतंय म्हणाली, पैसे द्यायला निघाली. बहिणीनं पर्समधून दोरा काढला. भुवयांच्या वरून, कानांवरून, मागच्या उंचवट्यावरून. मग हेल्मेट घालायला लावलं आणि दोन्ही हातांत धरून डावीकडे-उजवीकडे फिरवून पाहिलं. हेल्मेट फिरलं, कपाळाची कातडी फिरली नाही. म्हणजे सैल. हेल्मेट फिरवताना कातडी त्याच्याबरोबर ओढली गेली पाहिजे आणि गालांवर अस्तर टेकलं पाहिजे. नवं अस्तर थोडं घट्टच हवं, वापरानं ते दबतं. खादी आटते आणि स्पंज दबतो, एवढाच काय तो फरक, असं ती दुकानदाराला म्हणाली. पट्टा लावून हनुवटीखाली दोन बोटं घातली, मग नातीला खाली वाकायला सांगून मागून हेल्मेट पुढं ढकलून पाहिलं. ते पार कपाळावरून डोळ्यांपर्यंत आलं. दुकानदार काही न बोलता शिडीवर चढला आणि वरच्या फळीवरून एक नंबर लहान असलेलं हेल्मेट काढून त्यानं काउंटरवर ठेवलं.